हिराजीशेठचं थायलंड

माझ्या नातीच्या पाचव्या वाढदिवसाला हिराजीशेठ भोईर आले, तिच्या हातात खेळण्याचं खोकं ठेवलं, खुर्चीत नीट मांडी घालून बसले आणि बायकोने पुढे केलेली केकची बशी डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "आत काय हाय?"

"केक आहे," बायको म्हणाली.

"त्यो दिसतंय मना. वर यो लाल लाल चकाकतंय, त्यान काय हाय?"

"जेली आहे ती. स्ट्रॉबेरीची."

"म्हंजे जिलेटीन," हिराजीशेठ म्हणाले. "जनावराचा का झाडाचा? जनावराचा असंल तं कंचे जनावराचा? नि कापला कसा त्याला?"

खोलीत वीस-बावीस माणसं होती. सगळ्यांची तोंडं एकदम चालायची थांबली. पुण्याहून आलेल्या माझ्या विहीणबाईंनी बशी हळूच खुर्चीखाली सरकवली. केकवाल्याला फोन लावला तर त्याने सांगितलं की जेली अगरची, म्हणजे समुद्रातल्या शेवाळाची आहे, पण तोवर केक कुणाच्याही घशाखाली उतरेनासा झाला होता. तो केक एकट्या हिराजीशेठनी खाल्ला. दोन तुकडे खाल्ले आणि चांगला झालाय म्हणाले.

मी मुळातच पटकन धक्का बसणारा माणूस आहे. दारावरची बेल वाजली तरी माझा हात छातीवर जातो, अशी बायकोची तक्रार आहे. पण हिराजीशेठ शेजारी राहायला आल्यापासून जेवढे धक्के बसले, तेवढे सगळ्या नोकरीत मिळून बसले नाहीत. खरं तर ते राहायला आले असं म्हणणं चूक आहे. ते तिथेच होते, आम्ही आलो. ठाकुर्लीत आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती भोईरांची. जिथे लिफ्ट आहे तिथे त्यांचा गोठा होता, आणि माझ्या दिवाणखान्याच्या बरोबर खाली गोड्या पाण्याची विहीर होती. पाहुण्यांसमोर ते हे आवर्जून सांगतात. पाहुणे मग उगाच पाय वर घेऊन बसतात.

त्यांच्याकडे पहिल्यांदा चहा प्यायलो तेव्हा मला वाटलं, घरात काही बिनसलंय आणि वहिनींनी रागारागात साखरेच्या जागी भलताच डबा उघडलाय. चहा गोड होता, आल्याचा होता, आणि मागून खारट लागत होता. मी घोट तोंडात धरून बसलो. हिराजीशेठ माझ्याकडे बघून खूश झाले. त्यांच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं खाडीकाठच्या मिठागरात काढली. तेव्हापासून त्यांच्या घरात चहाच्या आधणात चिमूटभर मीठ पडतं. "साखर दुकानातली, आपटेसायब. मीठ आपला," ते म्हणाले. हा प्रकार मी पुढे दुसऱ्या कुठल्याही घरी पाहिला नाही, त्यांच्या भावकीतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा शब्द. जमीन त्यांनी बिल्डरला तोंडी दिली. बिल्डर कागद घेऊन आला तेव्हा यांना राग आला, की एकदा देतो म्हटल्यावर पुन्हा लिहून काय घेतोस. शेवटी बिल्डरच्या म्हाताऱ्या आईने येऊन समजूत घातली तेव्हा सह्या झाल्या. एखाद्या लग्नाला येतो म्हणाले की ताप असला तरी जातात, आणि नाही म्हणाले की मुहूर्ताच्या वेळी कार्यालयासमोरून जात असले तरी आत पाऊल टाकत नाहीत.

अशा माणसाने मागच्या गणपतीनंतर एका सकाळी माझ्या घरी येऊन, बायकोने दिलेल्या बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू भिंगातून वाचली, समाधानाने मान हलवली आणि म्हटलं, "आपटेसायब, तुमी थायलंडला जाऊन आलाव ना? मना पन जायाचा हाय."

माझा हात छातीवर गेला. वीस वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने डीलरांच्या मेळाव्यासाठी आम्हाला पट्टायाला नेलं होतं. त्या सहलीबद्दल बायकोचं आजही पूर्ण समाधान झालेलं नाही. फोटो कमी का आहेत, हा तिचा जुना प्रश्न आहे. आणि आता सदुसष्ट वर्षांचा, बायको गेलेला, कपाळाला बुक्का लावणारा गृहस्थ माझ्याच सोफ्यावर बसून थायलंडची चौकशी करत होता. बायको स्वयंपाकघरात गेली ती भांडी जोरात ठेवायला लागली.

"एकटे जाणार?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"एकटा कशाला? सहा जन. फॅमिली. नि सगला हलाल पायजे."

मी पाणी मागवलं.

मग त्यांनी सांगितलं ते मला अर्धं माहीत होतं, सोसायटीत सगळ्यांनाच होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, कविताने, नऊ वर्षांपूर्वी कल्याणच्या तौसीफशी रजिस्टर लग्न केलं. दोघं एकाच लॅबमध्ये काम करायची. मुलगा चांगला, घर चांगलं, कोकणी मुसलमान, घरात मराठी बोलणारी माणसं. पण भावकीची बैठक बसली आणि त्या बैठकीत हिराजीशेठच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं.

"मी बोल्लो, त्यांचे घरचा पानी मी पेनार नाय, नि माजे घरान त्यांना पानी मिलनार नाय. पाच जनांसमोर बोल्लो. आथा त्या पाचांतले तीन वर गेले, तं शबुद कोनाकडून मागारी घेऊ?"

उरलेलं अर्धं मी स्वतः पाहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी हिराजीशेठच्या पत्नी, मथुरावहिनी, गेल्या तेव्हा कविता आली. खाली पार्किंगमध्ये बायकांत बसली. मे महिना होता आणि पाण्याचे ग्लास फिरत होते. ट्रे घेतलेली बाई कवितापाशी आली, तिने एकदा हिराजीशेठकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन पुढच्या बाईकडे गेली. हिराजीशेठ मान खाली घालून बसले होते. मी चार हातांवर उभा होतो. माझ्या हातात भरलेला ग्लास होता आणि तो मी स्वतःच प्यायलो. आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते.

"पण मग थायलंड कशाला?" मी विचारलं.

"थायलंड माजा घर हाय का?"

"नाही."

"त्यांचा हाय का?"

"नाही."

"मंग?" हिराजीशेठ म्हणाले आणि भिंग खिशात ठेवलं. "तिकडं मी त्यांना पानी दिला तं शबुद मोरत नाय. त्यांनी मना दिला तरी मोरत नाय."

ठाकुर्लीच्या पुढचं स्टेशन कल्याण. रिक्षाने गेलं तर वीस मिनिटं, पत्री पुलावर अडकलं तर पाऊण तास. तेवढं अंतर जमत नव्हतं म्हणून हा माणूस समुद्रापलीकडे निघाला होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी वही आणि पेन काढलं.

सण त्यांनीच शोधून काढला होता. पुतण्याच्या मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. नदीच्या पाण्यावर शेकडो दिवे, आणि दिवे कशात, तर केळीच्या बुंध्याच्या चकत्यांत, केळीच्याच पानांची पाकळ्यांसारखी घडी घालून. सणाचं नाव लॉय क्रथोंग. हिराजीशेठनी तारीख विचारली, भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं आणि जागेवरून उठून उभे राहिले. त्याच दिवशी आपली त्रिपुरी पौर्णिमा होती. मथुरावहिनी दर त्रिपुरीला छोट्या कविताला घेऊन खाडीवर दिवे सोडायच्या. दिव्यासाठी केळीचं सोपट, म्हणजे बुंध्याची साल, कापून द्यायचं काम हिराजीशेठचं. लेक नीट वाहत जाणारा दिवा निवडायची आणि बापाने कापलेलं सोपट कलतं म्हणून भांडायची.

त्या दिवसापासून मी बँकॉकच्या एका हॉटेलचा पत्रलेखक झालो. हिराजीशेठ सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायचो. सुपातला रस्सा कशाच्या हाडांचा. नूडल्स कशात परतता. डुकराचं मांस ज्या कढईत जातं ती आणि आमची कढई एकच का. वेगळी असेल तर दोन्ही घासायची घासणी एकच का. घासणीचा प्रश्न लिहिताना माझे कान गरम झाले. चौथ्या दिवशी हॉटेलच्या बाईंचं उत्तर आलं: प्रिय मिस्टर हिराजी, आमचं स्वयंपाकघर हलाल-प्रमाणित आहे, सोबत कढयांचे फोटो जोडत आहे, घासण्या निळ्या रंगाच्या आहेत. हिराजीशेठनी कढयांचे फोटो मोठे करकरून पाहिले. "बाय सफाईची हाय," ते म्हणाले.

चार दिवसांनी ते होकायंत्र घेऊन आले. बँकॉकहून मक्का कुठल्या दिशेला येते हे त्यांनी पुतण्याकडून काढलं होतं. "पश्चिमेला, जरा उत्तरंकडं. ठाकुर्लीतून पन तशीच. म्हंजे व्याह्यांना तिकडं गेल्यावर सवय बदलाला नको." मग त्यांनी माझ्या दिवाणखान्यात उभं राहून ती दिशा दाखवली. ती बरोबर आमच्या देवघरावरून जात होती. बायको दारात उभी होती. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर ती म्हणाली, "त्यांना खोली कोपऱ्यातली घ्या, नमाजाला शांतता मिळेल." मला धक्का बसला तो हा. त्या दिवसापासून ती आमच्यात सामील झाली आणि बायकांसाठी पोहण्याची वेगळी वेळ आहे का, हा प्रश्न तिने घातला.

"इतकं कशाला करता?" एकदा मी वैतागून म्हटलं. टूथपेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून माझे डोळे दुखत होते. "त्यांचं ते बघतील की."

"आयुष्यान पयल्यांदा मी त्यांना जेवाला बोलावतंय," ते म्हणाले. "माजे टेबलावर बसून त्यांना 'आत काय हाय' इचाराची पाळी येता कामा नये. ती मी आधी इचारून ठेवनार."

इकडे सोसायटीत दोन अफवा पसरल्या. एक, हिराजीशेठ या वयात थायलंडला मजा करायला चाललेत आणि आपटे त्यांना पत्ते देतोय. दुसरी, हिराजीशेठ दर शुक्रवारी कल्याणच्या मुसलमान वस्तीत जातात, हलालची चौकशी करतात, म्हणजे धर्म बदलणार. सेक्रेटरी नाडकर्णी मला जिन्यात गाठून म्हणाले, "यातलं नक्की खरं कुठलं? दोन्ही एका माणसात बसत नाही हो." मी म्हटलं, दोन्ही खोटं आहे. नाडकर्णींना हे उत्तर अजिबात पटलं नाही.

शुक्रवारचं मात्र खरं होतं. गेली दोन वर्षं हिराजीशेठ दर शुक्रवारी सकाळी दाढी करून, धुतलेली टोपी घालून रिक्षाने कल्याणला जात. तिथे सलीमभाईंच्या बेकरीत बसत आणि बारा वाजता नानकटाई घेऊन परत येत. हलालचं सगळं शिक्षण त्यांना सलीमभाईंनी दिलं होतं. काय चालतं, काय चालत नाही, शंका असेल तर काय करायचं. क्रथोंगचाही निकाल तिथेच लागला होता. बघायला हरकत नाही, पण ती त्यांच्या नदीची पूजा आहे, ती आपण करायची नाही. सहलीची सगळी टिपणं हिराजीशेठ एका दोनशे पानी वहीत ठेवत, तिच्यात दिव्याच्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'दिवा. बघणे. सोडणे नाही.' ते लिहिताना त्यांना किती जड गेलं असेल हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास सगळं तयार झालं. विमान, खोल्या, कोपऱ्यातली शांत खोली, सुक्या माशांची पिशवी नेऊ नये यावर माझं आणि त्यांचं झालेलं भांडण, सगळं. मी म्हटलं, आता बाकीच्या पाच पासपोर्टांचे नंबर द्या, तिकिटं काढू.

"नंबर मिलले नाय अजून."

"मग कविताला विचारा."

"तिला ठाव नाय."

"नंबर ठाऊक नाही?"

"थायलंडाचा ठाव नाय," हिराजीशेठ म्हणाले. "कोनालाच ठाव नाय. मी इचारलाच नाय."

मी पेन खाली ठेवलं. महिनाभर मी परक्या देशातल्या बाईला घासण्यांचे रंग विचारत होतो, आणि ज्यांच्यासाठी विचारत होतो त्यांना यातलं अक्षर माहीत नव्हतं. मी चिडलो. बरंच बोललो. हिराजीशेठ ऐकून घेत बसले आणि मग म्हणाले, "आधी इचारला नि ती नाय बोलली तं? सगला पक्का असला म्हंजे नाय बोलाला जागा कमी."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी म्हटलं, मीही येतो. ते नको नको म्हणत होते, पण मी रिक्षात जाऊन बसलो.

सलीमभाईंची बेकरी एका जुन्या एकमजली घराच्या तळाशी आहे. वर लाकडी गॅलरी, खाली पत्र्याची शेड आणि शेडखाली एक बाक. त्या बाकावर बसलं की रस्ता दिसतो, वरची गॅलरी दिसत नाही. हिराजीशेठ भिंतीला पाठ लावून बसले. सलीमभाई साठीचे, अंगावर मैदा उडालेला. त्यांनी आम्हाला सलाम केला आणि कामाला लागले. अकराच्या सुमाराला वरून दोरीला बांधलेली एक टोपली शेडच्या कडेने खाली आली. त्यात स्टीलची केटली होती. सलीमभाईंनी ती सोडवून घेतली आणि दोन कप भरले.

मी घोट घेतला. चहा गोड होता, आल्याचा होता, आणि मागून खारट लागत होता.

मी कप तसाच धरून बसलो. हिराजीशेठ रस्त्याकडे बघत शांतपणे चहा पीत होते. मग नानकटाई बघायच्या निमित्ताने मी आत गेलो आणि सलीमभाईंना विचारलं, "चहा छान आहे. विकता का?"

"नाय हो साहेब, आपली बेकरी आहे, चहा कुठे विकतो," ते म्हणाले आणि वर बोट दाखवलं. "तौसीफची बायको पाठवते. दर शुक्रवारी. शेठ पहिल्यांदा आलेले ना, तेव्हा तिने गॅलरीतनं बघितलं. मला म्हणाली, चाचा, बाबांना सांगू नका कुठनं येतो. सांगितलं तर ते प्यायचे नाहीत. दोन वर्षं झाली, मी काय बोललो नाय. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. फक्त शेठना नाय."

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आधी हात छातीवर गेला. मग रडू आलं. मग भीती वाटली. नऊ वर्षं जपलेला शब्द या माणसाकडून दर शुक्रवारी मोडला जात होता, त्याला नकळत. कळलं तर तो इथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही, थायलंड तर दूरच. सांगणं बरोबर की न सांगणं, मला ठरवता येईना. आणि पोटात काही ठेवणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

परतताना पत्री पुलाच्या तोंडाशी रिक्षा अडकली. मी घसा साफ केला. "हिराजीशेठ, एक सांगायचं आहे. रागावू नका. तो चहा आहे ना..."

"कविताचा हाय," ते म्हणाले.

पुढच्या ट्रकने दोनदा हॉर्न दिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच शुक्कारी. पयल्याच घोटाला. चहान मीठ टाकनारी बाय दुनियेन आथा एकच उरलीय."

"मग तुमचा शब्द?"

"शबुद घरचा व्हता. बेकरी काय घर हाय?"

"अहो, पण केटली वरून येते ना. घरातूनच."

हिराजीशेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा प्रश्न त्यांनी स्वतःला दोन वर्षांत बऱ्याचदा विचारला असणार आणि मी तो विचारायला नको होता. "म्हनून तं मी वर बघत नाय," ते म्हणाले.

"मग बँकॉकचा खटाटोप कशाला? चाललंय की सगळं. दर शुक्रवारी तिच्या हातचा चहा मिळतोय."

"केटली येते, आपटेसायब. ती नाय येत." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "नऊ वरसां झाली, पोरीचा तोंड मी धड बघला नाय. आईसचे मयताला आली तवा मीच मान खाली घातलेली. नात सात वरसांची झाली. सलीमभाय बोलतं, नाकावर गेलीय तुमच्या. नाक कसा हाय ते मना आरशान बघायला लागतं."

रिक्षा हलली. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

पुढच्या शुक्रवारी मी असं काही केलं की माझा मलाच धक्का बसला. रिकामी केटली टोपलीत ठेवायची वेळ आली तेव्हा मी हिराजीशेठच्या काखेतली दोनशे पानी वही ओढून घेतली, केटलीशेजारी ठेवली आणि दोरी हलवली. टोपली वर गेली. हिराजीशेठ अर्धे उठले होते ते तसेच बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं, मी कुणाचा तरी जीव दोरीला बांधून वर पाठवला.

तो आठवडा मी विसरणार नाही. ते आमच्याकडे दोनदा आले. बायकोने मुद्दाम नवीन कंपनीची बिस्किटं आणली होती. त्यांनी पुडा उलटवून पाहिलासुद्धा नाही. समोर आलं ते खाल्लं. बायको आत येऊन मला म्हणाली, "मला हे बघवत नाही. नाही म्हणाली तर हा माणूस संपेल हो." हॉटेलच्या बाईंचंही पत्र आलं होतं, की मिस्टर हिराजी, आम्ही आपल्या होकाराची वाट पाहत आहोत. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

शुक्रवारी आम्ही दहालाच जाऊन बसलो. अकरा वाजून गेले. सव्वाअकराला टोपली खाली आली. केटली होती आणि वही होती.

सलीमभाईंनी वही हिराजीशेठपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले. मग माझ्याकडे बघून, अगदी बारीक आवाजात, त्यांनी विचारलं, "आत काय हाय?"

मी वही उघडली. पानापानाच्या कडेला निळ्या शाईने बारीक अक्षरांत लिहिलं होतं. रश्शाच्या पानावर: 'मासे सगळ्यांना चालतात. बाबांनी एवढी काळजी करू नये.' तिखटाच्या पानावर: 'सासऱ्यांना कमी लागतं.' त्याखाली थरथरत्या, वेगळ्या हाताने: 'विमानात खिडकी मला.' घासण्यांच्या पानावर कुणीतरी इतकं हसलं असावं की चहाचा डाग पडला होता. होकायंत्राच्या पानावर एका लहान मुलीने होडी काढली होती, आणि होडीत बसलेल्या सहाही माणसांची नाकं लांब होती. शेवटच्या पानावर रिकाम्या सोडलेल्या पाच ओळींत पासपोर्टांचे पाच नंबर भरलेले होते.

मी एकेक वाचत गेलो. हिराजीशेठ दर पानाला मान हलवत होते. मग मी दिव्याच्या पानाशी आलो. 'दिवा. बघणे. सोडणे नाही,' हे त्यांचं. त्याखाली निळी शाई.

"वाचा ना," ते म्हणाले.

"'बाकीचे बघतील,'" मी वाचलं. "'सगळ्यांना विचारलंय. आईच्या नावाने एक दिवा मी सोडीन. सोपट मात्र बाबांनी कापायचं, आणि कलतं नको.'"

हिराजीशेठनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग टोपी नीट केली, कप उचलला आणि बाकावरून उठून शेडच्या बाहेर गेले. दोन पावलं होती ती. दोन वर्षांत त्यांनी ती टाकली नव्हती. रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी वर पाहिलं.

मी पाहिलं नाही. मी बाकावर बसून केटलीकडे बघत होतो. मग वरून आवाज आला.

"बाबा, मीठ बरोबर आहे का?"

हिराजीशेठनी कप तोंडाला लावला. मग तो वरून दिसेल असा उंच धरला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि वरची नजर न काढता मला हाक मारली, "आपटेसायब, त्या कढईवाल्या बायला लिवा. सहा जन पक्के."